हायड्रोजेल सोलापूरच्या उन्हात टिकेल का?

ईसीजी काढताना छातीवर ज्या गार, चिकट चकत्या लावतात, त्यांच्या मधोमध एक बुळबुळीत थर असतो. खरं काम तो थर करतो. हृदयाच्या ठोक्यातून निघालेला विजेचा संकेत कातडीपर्यंत येईस्तोवर जेमतेम १ मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या दीड हजाराव्या भागाइतका. त्यात कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि कोरडा. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर, पण विजेला अडवायला तेवढी पुरते. नुसती धातूची चकती ठेवली तर खाली हवेच्या फटी राहतात आणि ठोका मशीनपर्यंत धड पोचत नाही. मध्ये ओला, खारट, मऊ थर आला की फटी भरतात, कातडी भिजते आणि कागदावर रेघ स्वच्छ उमटते.

अशा थराला हायड्रोजेल म्हणतात. त्यात भरपूर पाणी असतं, तरी ते वाहून जात नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळा हाच पदार्थ घेऊन दिवसभर अंगावर राहतील अशा पट्ट्या बनवायच्या मागे आहेत: ठोके मोजणाऱ्या, घामातलं मीठ मोजणाऱ्या, सांध्याची हालचाल टिपणाऱ्या. आणि त्यातला एक मोठा गट हे जेल पेट्रोलियमपासून न बनवता शेवाळ, कापूस, कोळंबीची टरफलं, गवारीचं बी अशा गोष्टींपासून बनवू पाहतो आहे. मी सोलापूरचा. असं काही वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न एप्रिल-मेचा येतो. ज्या पदार्थाचं सगळं बळ त्यातल्या पाण्यात आहे, तो ४२ अंशांत काय करेल? हा प्रश्न धरून गेलं तर हायड्रोजेल म्हणजे काय हेही नीट कळतं, आणि त्याच्याभोवतीच्या दाव्यांपैकी कोणते खरे तेही.

पाणी अडवून धरणारी जाळी

फालुद्यासाठी सब्जा भिजत घातला की दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक काळ्या बीभोवती काचेसारखा पारदर्शक गोळा तयार होतो. चमच्यावर घेतला तरी त्यातलं पाणी गळत नाही. हे अस्सल नैसर्गिक हायड्रोजेल आहे. बीच्या सालीत साखरेच्या कणांच्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांना पाण्याची ओढ असते, म्हणून पाणी आत शिरतं आणि साखळ्या पसरतात. पण त्या एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे विरघळून सुट्या होत नाहीत. पाणी त्यांच्यामध्ये कोंडलं जातं.

अशा लांब साखळ्यांना पॉलिमर म्हणतात. सुताची मोकळी लड पाण्यात टाकली तर धागे चहूकडे पांगतात. तिला जागोजागी गाठी मारल्या तर ती भिजते, फुगते, पण एकत्र राहते. हायड्रोजेलमध्येही पॉलिमरच्या साखळ्यांना अशा गाठी लागतात. गाठी थोड्या असल्या तर जेल मऊ होतं आणि पाणी जास्त घेतं. गाठी दाट झाल्या की ते घट्ट होतं, पाणी कमी धरतं आणि बऱ्याचदा ठिसूळही होतं. गाठ कशाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं. काही गाठी पक्क्या रासायनिक बंधांच्या असतात, त्या सुटत नाहीत. काही नुसत्या विद्युतभारांच्या आकर्षणाच्या किंवा हायड्रोजन बंधांच्या असतात. त्या उष्णतेनं, मिठानं, आम्लानं सुटतात आणि परिस्थिती बदलली की पुन्हा बसतात. नैसर्गिक पॉलिमरच्या जेलमध्ये बहुतेकदा हा दुसरा प्रकार असतो, आणि त्यांचे गुण-दोष दोन्ही तिथूनच येतात.

हायड्रोजेल माणसाच्या अंगावर येऊन साठ वर्षं उलटली. १९६० साली प्रागमधल्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीरात वापरता येतील अशा जेलवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि १९६१ च्या नाताळात विख्टरलेनं घरच्या टेबलावर, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र चालवलं. तो पॉलिमर कृत्रिम होता. आपल्याकडच्या काही शेतकऱ्यांनाही हायड्रोजेल हा शब्द ओळखीचा असेल. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं कोरडवाहू जमिनीसाठी काढलेलं पुसा हायड्रोजेल स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पट शुद्ध पाणी शोषतं आणि मुळांपाशी हळूहळू सोडतं. त्याचा सांगाडा सेल्युलोजचा, म्हणजे झाडांच्या तंतूंमधल्या पॉलिमरचा, पण त्यावर कृत्रिम पॉलिमरची जोड दिलेली आहे. ही जोड लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

मऊपणाची गरज का पडते

मनगटावरचं स्मार्टवॉच हिरवा प्रकाश कातडीत टाकून रक्ताच्या प्रवाहातला बदल मोजतं. त्याची मागची बाजू कडक. हात हलला की ते सरकतं, बाजूनं उजेड शिरतो आणि आकडा चुकतो. इलेक्ट्रॉनिक्सचा पाया असलेलं सिलिकॉन कातडीपेक्षा लाखो पटींनी ताठर असतं. हायड्रोजेलचा मऊपणा मात्र कातडीच्या आणि स्नायूंच्या जवळपासचा ठेवता येतो, म्हणून ते कोपराच्या वळणावरही कातडीबरोबर ताणलं जातं.

दुसरं कारण विजेचं आहे. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. शरीरात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन वाहतात. हायड्रोजेलच्या पाण्यात मीठ असलं की तिथेही आयनच वाहतात, त्यामुळे शरीराचा संकेत त्यात सहज उतरतो. पुढे चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या पातळ थरावर त्याचं तारेतल्या विजेत रूपांतर होतं.

हालचाल मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण ती शाळेतल्या भौतिकशास्त्रावर उभी आहे. खारट जेलची एक पट्टी घ्या आणि ताणा. लांबी वाढली, रुंदी-जाडी कमी झाली, आतलं पाणी तेवढंच राहिलं. विजेला आता जास्त लांबचा आणि जास्त अरुंद रस्ता कापावा लागतो. दोन्ही गोष्टी रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढवतात, म्हणून पट्टी दुप्पट ताणली तर रोध दुप्पट न होता चौपट होतो. १० टक्के ताणली तर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. मनगटाच्या आतल्या बाजूला अशी पट्टी चिकटवली आणि रोध मोजत राहिलं की मनगट किती वेळा, किती अंशांत आणि किती झपाट्यानं वळलं ते कळतं.

सोलापुरात हे कुणाच्या उपयोगाचं आहे ते शोधायला लांब जावं लागत नाही. इथे हजारो बायका विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. अंगठा आणि पहिली दोन बोटं दिवसभर त्याच चार हालचाली करतात. बोटं आखडतात, मनगट दुखतं, पण दवाखान्यात गेल्यावर दाखवायला काही नसतं. अंगठ्याच्या सांध्यावर केसाएवढं वजनही न जाणवणारी पट्टी असेल तर फिजिओथेरपिस्टला दिवसभराचा ताण आकड्यांत दिसेल. पण त्याच पट्टीला तंबाखूची पूड चिकटेल, हात दिवसातून कित्येकदा धुतले जातील. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या बाबतीत हवेत उडणारे सुताचे तंतू येतील. चिकट, ओला पदार्थ अशा जागी कसा वागतो हे तिथेच पाहावं लागेल.

शेवाळाचं जेल, बोटांत धरून

नैसर्गिक जेलपैकी अल्जिनेट समजून घ्यायला सगळ्यात सोपं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून ते काढतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याच्या जाती मिळतात. सोडियम अल्जिनेटची पांढुरकी पावडर २ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात कालवली तर आधी गुठळ्या होतात. रात्रभर झाकून ठेवली की सकाळी मधासारखं दाट, एकजीव द्रावण मिळतं. दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवायचं आणि चमच्यानं दाट द्रावणाचा थेंब त्यात सोडायचा. पाण्याला शिवताक्षणी थेंबाभोवती पापुद्रा धरतो. मिनिटभरानं उचलला तर मणी बोटांत धरता येतो. जरा जोरात दाबला तर फुटतो आणि आतून अजून पातळ असलेलं द्रावण बाहेर येतं. तसाच ठेवला तर काही वेळात गाभ्यापर्यंत घट्ट होतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असतात, म्हणून तो एकाच वेळी दोन साखळ्यांना धरू शकतो. सोडियमवर एकच भार, त्याला हे जमत नाही. गाठ पडते ती कॅल्शियममुळे. ना उष्णता, ना विषारी रसायन. रुग्णालयात पाझरणाऱ्या जखमांवर कॅल्शियम अल्जिनेटच्या पट्ट्या पूर्वीपासून लावतात, त्यामुळे कातडीच्या दृष्टीनंही हा पदार्थ चांगलाच परिचयाचा आहे.

आता तेच मणी मिठाच्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. ते फुगतात आणि लिबलिबीत होतात. पाण्यातलं सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतं आणि गाठी सुटत जातात. घाम हे मिठाचंच पाणी. म्हणजे नुसत्या अल्जिनेटची पट्टी घाम मोजायला लावली तर घामच तिला सैल करत जाणार. थंड हवेच्या खोलीत अर्धा तास लावून घेतलेल्या चाचणीत हे दिसणार नाही. मेमध्ये मागाच्या खात्यात दोन तासांत दिसेल.

जिलेटिनची अडचण वेगळी. त्याचं जेल ३० ते ३५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि कातडीचं तापमान एरवीच तेवढं असतं. त्यामुळे काहीतरी पक्की गाठ मारल्याशिवाय जिलेटिन सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगावर टिकणार नाही. शिवाय ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. ते अंगावर चिकटवायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता यावं, म्हणून पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. ते वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणून उन्हाला दाद देत नाही, पण त्याची वडी वाकवली की तुटते. सांध्यावर चालायचं नाही, दुसऱ्या कशाबरोबर मिसळलं तर चालेल.

कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून येतं आणि पातळ व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं. त्याच्या साखळीवर धन भार असतो. कातडी आणि जिवाणूंची बाहेरची बाजू ऋण भाराची, म्हणून ते कातडीला बरं चिकटतं आणि जिवाणूंची वाढ रोखतं. घामट जागी दिवसभर राहणाऱ्या पट्टीला हा गुण मोलाचा आहे. गवारगम तर आपल्याच देशाचा. जगातला बहुतेक पुरवठा भारतातून, त्यातही मुख्यतः राजस्थानातून होतो. थोड्या टाकणखारानं त्याचं जेल होतं आणि ते कापलं तरी पुन्हा जुळून येतं, कारण त्याच्या गाठी सतत सुटत आणि बसत असतात. मात्र टाकणखार दिवसेंदिवस कातडीवर ठेवायची वस्तू नाही. स्वतःला सांधणाऱ्या जेलचं कौतुक वाचताना गाठ कशानं मारली आहे ते पाहावं.

पाणी उडून गेलं की

हायड्रोजेलवरच्या संशोधनात कडाक्याच्या थंडीत न गोठणारं जेल हा मोठा विषय आहे. आपली अडचण उलट टोकाची. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो आणि हवेतली आर्द्रता पुष्कळदा २०-२५ टक्क्यांवर उतरते. अशा हवेत उघडं ठेवलेलं साधं जेल काही तासांत सुकून कडक, वाकडं होतं. सुकलं की आयनांना वाहायला पाणी नाही, चिकटपणा नाही, कडा उचलल्या जातात. रोध वाढतो, पण तो हालचालीनं वाढला की सुकल्यामुळे, हे यंत्राला कळत नाही. सुकत चाललेली पट्टी बंद पडण्याआधी चुकीचे आकडे देत राहते, आणि मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो.

उपाय तीन. पहिला, वरून पातळ लवचिक पापुद्रा लावून बाष्प अडवायचं. पण घामही अडतो, खाली घामोळं येतं आणि कातडी पांढरी पडून सुरकुतते. दुसरा, पाण्यात ग्लिसरीन मिसळायचं. ते पाण्याला धरून ठेवतं, स्वस्त आहे, क्रीममध्ये वर्षानुवर्षं वापरलं जातं. ग्लिसरीन जास्त झालं की आयनांची चाल मंदावते आणि संकेत क्षीण होतो, एवढं सांभाळायचं. तिसरा, हवेतून पाणी ओढणारे क्षार घालायचे. इथे क्षारांमधला फरक निर्णायक ठरतो. साधं मीठ हवेतून पाणी घेऊन पाझरायला लागतं ते आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. म्हणून पावसाळ्यात मीठ ओलं होतं आणि मेमध्ये कोरडं राहतं. कॅल्शियम क्लोराइडला साधारण ३० टक्के पुरतात. लिथियम क्लोराइडला अवघे ११. शोधनिबंधांमध्ये लिथियम क्लोराइड इतक्यांदा का दिसतं ते यावरून कळेल. ते सोलापूरच्या दुपारीही पाणी सोडणार नाही. पण लिथियम खाणीतून किंवा खाऱ्या सरोवरांतून काढावं लागतं, आणि ते शरीरात गेल्यावर परिणाम करणारं द्रव्य आहे. शेवाळाच्या जेलमध्ये भरपूर लिथियम मिसळून त्याला पर्यावरणपूरक म्हणणं मला पटत नाही. माझा कल ग्लिसरीन आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या मिश्रणाकडे आहे. अल्जिनेटच्या गाठींना कॅल्शियम हवंच असतं, त्यामुळे घामातल्या सोडियमनं सैल केलेल्या गाठी पुन्हा बसायलाही त्याचा हातभार लागतो.

घाम काय सांगतो

उन्हात जड काम करणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. त्यातलं सोडियम माणसागणिक बदलतं, पण लिटरमागे ५० मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) हा मधला आकडा धरला तर एका लिटरमधून सुमारे ३ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे अर्धा चमचा. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद खात्यात पाळी करणारा कामगार नुसतं पाणी पीत राहिला तर पाणी भरून निघतं, मीठ नाही. मग पायात गोळे, डोकं जड, मळमळ. घामातलं सोडियम मोजणारी पट्टी इथे वेळेवर सांगू शकते की आता पाण्यात मीठ-साखर घ्या आणि पंख्याखाली बसा. २०१६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं मनगटावर आणि कपाळावर बांधायच्या पट्ट्यांतून घामातलं सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज आणि लॅक्टेट एकाच वेळी मोजून दाखवलं. हायड्रोजेलचा थर अशा उपकरणांत घाम टिपून घेतो, सेन्सरपर्यंत नेतो आणि साखरेसारखे पदार्थ ओळखणाऱ्या संवेदनशील विकरांना (एन्झाइमना) ओलं ठेवतो.

साखरेबद्दल मात्र सावध राहा. घामातलं ग्लुकोज रक्तातल्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकं असतं, आणि कातडीवरच्या मळानं, खाल्लेल्या फळाच्या हातानंसुद्धा आकडा बिघडतो. सध्या मधुमेहींसाठी दंडावर लावायचे जे सेन्सर मिळतात, त्यांचा केसासारखा बारीक तंतू सुईनं कातडीखाली जातो. कातडीला न टोचता रक्तातली साखर सांगतो असं म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या घेऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या अशा घड्याळाच्या भरवशावर कुणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. कामगाराच्या घामाचे आकडे कामगाराचे असले पाहिजेत. ज्या पट्टीनं त्याला पाणी प्यायची आठवण करायची, तिच्याच आकड्यांवरून कुणी हा माणूस लवकर थकतो असं ठरवून पाळी कमी करायला लागलं तर लोक ती लावणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. आकडे त्याच्या फोनवर, त्याच्या भाषेत, मराठी असो की तेलुगू, आणि पुढे कुणाला द्यायचे ते त्यानं ठरवायचं.

नैसर्गिक किती, कुठून

२०१२ साली हार्वर्डमधल्या झिगांग सुओ आणि सहकाऱ्यांनी मूळ लांबीच्या २० पट ताणलं तरी न तुटणारं हायड्रोजेल दाखवलं. त्यात पाणी सुमारे ९० टक्के होतं. युक्ती अशी, की एक अल्जिनेटची आणि एक दुसऱ्या पॉलिमरची, अशा दोन जाळ्या एकमेकींत गुंफायच्या. ताण आला की अल्जिनेटच्या कॅल्शियमच्या गाठी सुटतात आणि ताणाचा जोर त्यात खर्ची पडतो. दुसरी जाळी लांब ताणली जाऊन सगळं एकत्र ठेवते. ताण गेला की कॅल्शियमच्या बऱ्याचशा गाठी परत बसतात. अंगावरच्या सेन्सरांच्या क्षेत्राला या कामानं मोठा जोर दिला. पण त्यातली दुसरी जाळी पॉलिअॅक्रिलामाइडची होती. ते पेट्रोलियमपासून येतं, मातीत सहजी कुजत नाही, आणि ज्या अॅक्रिलामाइडपासून ते बनतं ते मज्जासंस्थेला घातक आहे. पुसा हायड्रोजेलच्या बाबतीत ज्या जोडीची आठवण ठेवायला सांगितली ती याचसाठी: पाकिटावर सेल्युलोज किंवा शेवाळ लिहिलेलं असलं तरी आतलं बळ पुष्कळदा कृत्रिम जाळीचं असतं.

ही दुसरी जाळी कापसाची करता येईल का? सोलापूरच्या दृष्टीनं हा सगळ्यात रसाळ प्रश्न. कापसात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं. टॉवेल पाणी पितो तो सेल्युलोजच्या साखळीवर ठायी ठायी पाण्याला ओढणारे गट आहेत म्हणून. मग टॉवेल भिजल्यावर त्याचं जेल का होत नाही? कारण धाग्यात या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून रचलेल्या असतात की पाणी तंतूंच्या मध्ये शिरतं, साखळ्यांच्या रचनेत खोलवर नाही. त्या सुट्या करायची एक रीत चीनच्या वुहान विद्यापीठातल्या झांग लीना यांनी शोधली. ७ टक्के कॉस्टिक सोडा आणि १२ टक्के युरिया यांचं द्रावण उणे १२ अंशांपर्यंत गार करायचं आणि त्यात कापसाचं सेल्युलोज ढवळायचं. काही मिनिटांत ते विरघळतं. मग ते द्रावण ओतून पुन्हा घट्ट करून धुतलं की पारदर्शक हायड्रोजेल हाती येतं. कॉस्टिक आणि युरिया दोन्ही आपल्या ओळखीचे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतला सुताचा कचरा, कापणीच्या कडा, बाद माल हा कच्चा माल होऊ शकतो. आधी रंग आणि खळ काढावी लागेल, म्हणून रंगाई न झालेलं पांढरं सूत वेगळं जमवणं शहाणपणाचं.

उसाच्या चिपाडाचं नाव अशा चर्चेत नेहमी निघतं. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, चिपाडात चाळीस टक्क्यांच्या वर सेल्युलोज. पण चिपाड टाकाऊ नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. शिवाय त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना ताठ धरून ठेवणारा लाकडी भाग, काढायला अल्कली आणि पुष्कळ पाणी लागतं, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर धावतात तिथे तो हिशेब आधी मांडला पाहिजे. डाळिंबाची साल मला जास्त आशादायक वाटते. तिच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, असतं. ते योग्य प्रकारचं असलं तर अल्जिनेटप्रमाणे कॅल्शियमनं घट्ट होतं, आणि टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांच्या साखळ्यांना घट्ट बांधतं. कातडं कमावतात ते याच गुणावर. टॅनिन घातलेली जेलं ओल्या कातडीला चांगली चिकटतात. सोलापूरजवळ केगावला २००५ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, रस आणि अनारदाणा काढणारे उद्योग आहेत. साल एका जागी गोळा होते ती तिथेच. घरोघरी खाल्लेल्या डाळिंबाची साल कचऱ्याच्या गाडीत जाते.

आणि जेल कितीही निसर्गाचं असलं तरी पट्टीत चिप असते, बटन सेल असतो, चांदीचा थर असतो. अख्खी पट्टी रोज फेकायची असेल तर शेवाळानं फारसं काही वाचवलं नाही. इलेक्ट्रॉनिक भाग कायमचा आणि जेलचा थर तेवढा दर दिवसाचा, अशी रचनाच पटण्यासारखी आहे. इथे कापडाचं गाव म्हणून आपल्याला बढत आहे: सुती विणीवर जेल चढवलं तर ताकद कापड देतं, वीज जेल वाहतं, आणि विणीच्या छिद्रांतून कातडीला हवाही मिळते. गणवेशाच्या कॉलरमध्ये किंवा बाहीच्या पट्टीत असा तुकडा बटणानं लावता-काढता येईल. धुण्याआधी तो काढावाच लागेल, कारण साबणाच्या पाण्यात तो फुगेल.

आपल्याकडच्या कॉलेजांमधल्या रसायन आणि टेक्स्टाइलच्या मुलांना यातला एक भाग महागड्या यंत्राशिवाय करता येईल. अल्जिनेट, ग्लिसरीन आणि कॅल्शियम क्लोराइड यांचं प्रमाण बदलत सुती पट्टीवर थर द्यायचे. एक संच पंख्याखाली खोलीत, एक मेच्या दुपारी गच्चीवर सावलीत, एक मिठाच्या पाण्यानं दर अर्ध्या तासाला भिजवलेला. दर तासाला तराजूवर वजन करायचं, त्याच वेळी रोध मोजायचा, आणि बाजूला हवेचं तापमान आणि आर्द्रता लिहायची. रोध मोजताना साध्या मल्टिमीटरवर भागवू नका. सरळ विजेनं इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात आणि आकडा सरकत जातो, म्हणून प्रयोगशाळेतला उलटसुलट विजेचा, एक किलोहर्ट्झचा मीटर वापरा. कोणत्या मिश्रणानं सहा तासांनंतरही ८० टक्के पाणी राखलं आणि मिठाच्या पाण्यात आकार सोडला नाही, ते पाहायचं, आणि मगच पट्टी कुणाच्या मनगटावर लावायची.